बाळंतीण, बाळ आणि बाकीचे आपण

मूल जन्मले की मराठीत आपण ‘बाई सुटली’ असे म्हणतो. ‘सुखरूप सुटका झाली’ ही तर बातमी देण्याची ठरलेली रीत. ज्यांनी हे शब्द प्रथम योजले त्यांना बाळंतपण म्हणजे जिवावरचे संकट, हे पक्के ठाऊक असले पाहिजे. आमच्या सीमाभागात मराठीतली बाळंतीण आणि कन्नडमधली बाणंती या दोघी एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत की भाषा वेगळी असली तरी खोली तीच, शेगडी तीच, डिंकाचा लाडू तोच. आपण त्याला डिंकाचा लाडू म्हणतो, पलीकडच्या घरी ती ‘अंटिन उंडी’ होते. पण या दोन्ही भाषांत ‘सुटली’ म्हटल्यावर पुढे काय, याचे उत्तर एकच गृहीत धरलेले असते : पेढे, पाचवी, बारसे. सुटका अर्धवट झाली तर काय करायचे, म्हणजे आई अंथरुणाला खिळली आहे आणि बाळ काचेच्या पेटीत आहे, अशा वेळी त्या बाळाचे स्वागत कसे करायचे, याची रीत आपल्या घरांतून कोणी घालून दिलेली नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला, पाय सुजले, डोके ठणकू लागले. डॉक्टरांनी दोन दिवस औषधोपचार करून पाहिले आणि मग औषधाने कळा आणून प्रसूती केली. मुलगी झाली. चौतिसावा आठवडा चालू होता, वजन १ किलो ८०० ग्रॅम. ती लगेच रडली नाही. आणि ती रडते आहे असे कळेपर्यंत इकडे ताईचा रक्तस्राव थांबेना. दोघीही वाचल्या, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांना विनाकारण टांगणीला लावण्याची माझी इच्छा नाही. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे त्या दिवसांत डॉक्टर आणि परिचारिका जे सांगत त्यामागचे कारण शोधण्याची सवय मला जडली. जे समजले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिले मिनिट

गर्भात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू नाळेतून येतो. जन्मल्यावर काही सेकंदांत हा सारा कारभार बदलावा लागतो : फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊन तेथे हवा भरते, रक्ताचा प्रवाह त्या दिशेने वळतो. निसर्गाने ही व्यवस्था इतकी चोख केली आहे की १०० पैकी सुमारे ८५ मुले कोणाच्याही मदतीवाचून श्वास घेऊ लागतात. आणखी १० मुलांना नुसते कोरडे पुसणे आणि पाठ चोळणे पुरते. उरलेल्या थोड्यांना मात्र तोंडावर मास्क ठेवून पिशवीने हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. आमची भाची या थोड्यांतली.

तिच्या कागदावर ‘अपगार ४, ८’ असे लिहिलेले होते. हे वाचून घरात कुजबूज सुरू झाली की दहापैकी चारच गुण, म्हणजे मुलगी मंद होणार की काय! डॉ. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकेतील भूलतज्ज्ञ. त्यांनी १९५२ साली ही पद्धत बसवली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. एकदा पहिल्या मिनिटाला आणि पुन्हा पाचव्या मिनिटाला. बाळाला आत्ता मदत हवी आहे काय आणि दिलेली मदत लागू पडते आहे काय, एवढेच त्यातून कळते. ४ चे ८ झाले याचा अर्थ मदत लागू पडली. पुढे हे मूल शाळेत किती गुण मिळवील, हे सांगण्यासाठी ते गुण कधीच नव्हते.

‘आठव्या महिन्याचे जगत नाही’

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हळूच विचारले, “कितवा महिना?” आठवा म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. सातव्याचे जगते, नवव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ती केवळ आपलीच नाही, याचे मला नवल वाटले. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत आठव्या महिन्याच्या गर्भावर लिहिलेला एक स्वतंत्र ग्रंथच आहे आणि त्यातही हेच मत मांडले आहे.

हे मत खरे नाही. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे ते कमी वजनाचे बाळ, अशी व्याख्या आहे. आठव्या महिन्याचे मूल सातव्या महिन्याच्या मुलापेक्षा नेहमीच अधिक तयार असते. मग समजूत का टिकली असावी? मला वाटते, सातव्यात जन्मून जगलेले एखादे मूल आश्चर्य म्हणून गावभर सांगितले जाई, आणि आठव्यात जन्मून दगावलेले मूल समजुतीचा दाखला म्हणून लक्षात राही. जगलेली आठव्या महिन्याची मुले कोणी मोजलीच नाहीत.

अर्थात, अशा बाळांचा धोका खोटा नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. पॅट्रिक त्याचे नाव. साडेचौतीस आठवड्यांचा, वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम, म्हणजे आमच्या भाचीपेक्षा भक्कमच. जगातील सर्वांत श्रीमंत देशाचे सारे वैद्यक हाताशी असूनही तो दोन दिवसांत, ९ ऑगस्टला गेला. कारण होते फुप्फुसांचा अपुरेपणा. फुप्फुसांतील सूक्ष्म कोशिकांच्या आतून साबणाच्या पाण्यासारखे एक द्रव्य पसरलेले असते. त्यामुळे श्वास सोडल्यावर त्या कोशिका चिकटून बसत नाहीत. हे द्रव्य शेवटच्या आठवड्यांत पुरेसे तयार होते. ते नसले की दर श्वासाला नवा फुगा फुगवण्याइतके बळ लागते आणि बाळ थकून जाते. या आजारात त्याच द्रव्याची उणीव असते, हे डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले होते. पण तेव्हा उपाय हाती नव्हता.

उपाय आला तो न्यूझीलंडमधून, आणि तोही मेंढ्यांच्या वाटेने. डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत असता, स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरे अपेक्षेपेक्षा जास्त जगतात असे त्यांना दिसले. त्यांनी आणि डॉ. हाउई यांनी गर्भवती स्त्रियांवर हाच उपाय करून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली की बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. १९८० साली जपानमध्ये डॉ. फुजिवारा यांनी ते द्रव्य बाहेरून थेट फुप्फुसांत घालण्याचे उपचार यशस्वी केले. ताईला त्या दोन दिवसांत जी इंजेक्शने दिली ती हीच. मुलीला काही दिवस नाकातून नळीने हवेचा दाब द्यावा लागला, पण कृत्रिम श्वासयंत्रावर जाण्याची वेळ आली नाही. मुलींची फुप्फुसे मुलांपेक्षा थोडी आधी पक्व होतात, अशीही एक गोष्ट या निमित्ताने कळली. ‘मुलगीच झाली ना’ असे म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगत असे.

आई कोठे आहे?

त्या तीन-चार दिवसांत फोन सारखे येत. प्रत्येक जण विचारी, “बाळ कसे आहे?” ताईची चौकशी क्वचितच कोणी करी. तिला तर त्या रात्री रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या होत्या.

दिवस भरत आलेल्या गर्भाशयात दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर तेथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद होतात ती गर्भाशयाचे स्नायू आवळले गेल्यामुळे. पोत्याचे तोंड सुतळीने आवळावे तसे हे स्नायू रक्तवाहिन्यांना चहूकडून आवळतात. स्नायू सैल राहिले तर स्राव थांबत नाही आणि धडधाकट स्त्रीदेखील दोन-तीन तासांत दगावू शकते. नेहमीच्या प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर तो अतिस्राव समजतात.

हा स्राव टाळण्याच्या कामात आमच्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. स्नायू आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि टोचायला जाणते माणूस लागते. खेड्यात, जेथे वीज जाते-येते, तेथे काय करायचे? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात २००२ ते २००५ या काळात १६२० स्त्रियांवर एक चाचणी घेतली. परिचारिका-दायांनी निम्म्या स्त्रियांना बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. गेलेले रक्त नजरेने न अजमावता, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमा करून मोजले. अतिस्रावाचे प्रमाण १०० त १२ होते ते ६.४ वर आले. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. शीतपेटी न लागणारी ही गोळी आज जगातील कित्येक दुर्गम खेड्यांत बाळंतिणींना वाचवते. तिच्या बाजूचा एक भक्कम पुरावा आमच्या तालुक्यांतील बायकांनी दिला आहे.

ताईला औषधांनी गुण आला, पण रक्त द्यावेच लागले. बदली रक्त देण्यासाठी आमच्या वर्गातील आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील मित्र रात्री साडेअकराला येऊन उभे राहिले. त्यांत दोघे कन्नड विभागातले होते, त्यांची-माझी तोंडओळख होती एवढेच. वय १८ पुरे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असले की रक्त देता येते; पुरुषांना ३ आणि स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा देता येते. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर घेतात. अडल्यावेळी धावपळ करण्यापेक्षा आधीच रक्तपेढीत साठा असणे केव्हाही बरे. बाळंतपणातल्या अतिस्रावाला पंचांग नसते.

ऊब

मुलीला हवेची गरज उरली नाही, तेव्हा दुसरा शत्रू पुढे आला : थंडी. वैशाखातल्या बेळगावात थंडी कसली, असे कोणालाही वाटेल. पण कपातला चहा बशीत ओतला की का निवतो? पृष्ठभाग वाढतो म्हणून. बाळ जितके लहान तितकी त्याच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि तितकी उष्णता जास्त निघून जाते. त्यात त्वचा ओली असेल तर माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने बाळही गार पडते. शिवाय उष्णता निर्माण करणारी खास चरबी शेवटच्या आठवड्यांतच साठते. म्हणून जन्मल्याबरोबर पुसणे, टोपडे घालणे आणि पहिल्या २४ तासांत तरी अंघोळ न घालणे, हा नियम. कमी वजनाच्या बाळाची अंघोळ तर डॉक्टर सांगेपर्यंत पुढे ढकलायची. मऊ ओल्या कपड्याने पुसून घेतले की पुरते.

पाचव्या दिवशी परिचारिकेने ताईला सांगितले, “आता पेटी नको, तुम्हीच पेटी व्हा.” या पद्धतीला कांगारूचे नाव आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रेय यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन मुले ठेवावी लागत आणि रोग एकाचा दुसऱ्याला होई. त्यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधून पाहिली. गरिबीतून निघालेली ही युक्ती श्रीमंतांच्या रुग्णालयांनीही उचलली. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे. ते उभे, आईच्या दोन्ही स्तनांमध्ये, बेडकासारखे पाय दुमडून. मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून मऊ कापडाची पट्टी. त्वचेला त्वचा लागली पाहिजे, हे मुख्य. दिवसाचे किमान ८ तास, जमेल तितके अधिक. आईच्या छातीची ऊब बाळाला मिळते, तिचा श्वास ऐकून बाळाचा श्वास ठाकठीक राहतो, आणि दूधही वाढते. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या ५ देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतील बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबरच असे ठेवले, तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १०० त १५.७ वरून १२ वर आले. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस केली.

ही ऊब आईनेच द्यावी असे नाही. ताई अशक्त होती. दहा पावले चालली तरी तिला घेरी येई. दाजी गोव्याहून रजा काढून आले आणि सदऱ्याची बटणे सोडून खुर्चीत रेलून बसले. त्यांच्या आईंना हे पाहून प्रथम हसू आवरेना, मग त्या स्वतःच म्हणाल्या, “आता माझी पाळी.” सायंकाळचे दोन तास माझ्याकडे आले. मामाने भाचीला प्रथम पाहावे ते तेलात, असे आमच्याकडे म्हणतात. मी तिला पाहिले ते माझ्या छातीशी. मांजराच्या पिलाएवढे ते वजन, आणि त्याचा श्वास आपल्या श्वासाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चाललेला. मी इतका स्थिर आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

खरवस आणि चीक

दुभत्या जनावराच्या पहिल्या दुधाचा खरवस आपण आवडीने खातो. कन्नडमध्ये तो ‘गिण्णु’. शेजाऱ्यांनी धाडला तर भांडे रिकामे परत करीत नाही. पण बाईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते कित्येक घरांतून अजूनही पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. हा उफराटा न्याय आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. त्याचे प्रमाण थोडे असते कारण बाळाचे पोटही तेवढेच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना तर ते औषधच. याउलट मधात काही वेळा एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही. आमच्या आजीने सोन्याची अंगठी आणि मधाची बाटली तयार ठेवली होती. तिला कोणी रागावले नाही. परिचारिकेने तिला एवढेच विचारले, “आजी, पाडसाला पहिल्या दिवशी तुम्ही काय पाजता?” आजी शेतकऱ्याची मुलगी. “चीकच की,” असे म्हणून ती थांबली, आणि बाटली फडताळात गेली.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. त्याआधीच्या बाळाला आईचे दूध काढून नळीने किंवा बोंडल्याने पाजतात. बोंडले ही आपली जुनी वस्तू, कन्नडमध्ये ओळले. चोच असलेल्या बाटलीपेक्षा ते स्वच्छ करायला सोपे; दर वेळी पाण्यात उकळले म्हणजे झाले. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, त्याने घाबरू नये. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत ते बहुधा जन्मवेळेइतके होते. कावीळही अशा बाळांना बहुतेक होतेच. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा त्यावरचा उपाय इंग्लंडमधल्या रॉचफर्ड येथील एका परिचारिकेच्या निरीक्षणातून निघाला. उन्हात नेलेल्या बाळांची त्वचा फिकी होते, हे तिने १९५६ साली डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले. घरी कोवळ्या उन्हात ठेवून मात्र वाढलेली कावीळ उतरत नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर थेट डॉक्टरांकडे.

चालीरीतींचे काय?

एकोणिसाव्या दिवशी मुलगी घरी आली. वजन १ किलो ९५० ग्रॅम. पाचवी दवाखान्यातच सरली होती. सटवाईने कपाळावर काय लिहिले असेल, ते लिहिताना पेटीची काच आड आली असेल का, असे आजी हसत म्हणाली. तिचे डोळे मात्र हसत नव्हते.

जुन्या चालीरीती सरसकट टाकाव्यात असे मला वाटत नाही. त्यांच्यात एक शहाणपण दडलेले आहे. सोयर पाळणे म्हणजे दहा दिवस बाळंतिणीला स्वयंपाकघरातून सुट्टी आणि बाळाभोवती गर्दीला बंदी. त्यातला विटाळ टाकावा, विश्रांती ठेवावी. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नये, हा नियम आजीने घरात सोयराच्याच कडकपणाने पाळवला. व्हिएन्नामध्ये डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरवले, पण त्यांचे सहकारी त्यांच्यावर रुसले. आमच्याकडे आजीवर रुसण्याची कोणाची छाती झाली नाही.

अहळिवाचे आणि डिंकाचे लाडू ठेवावेत. रक्त गेलेल्या बाईला खायला हवेच, त्याबरोबर लोहाच्या गोळ्याही. डाळ, भाजी, अंडे, पाणी यांवरची बंदी उठवावी. धुरी आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत नको. धुराने अपुरी फुप्फुसे गुदमरतात आणि त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. कान-नाकात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, नाळेवर काही लावायला नको. ती कोरडी राहिली की आपोआप पडते.

बारसे बाराव्या दिवशीच व्हावे असे कोठे आहे? आमच्याकडे ते तिचे वजन अडीच किलो झाल्यावर ठरवले. पाळणा सजला, आत्याने कानात नाव सांगितले, घरची माणसे तेवढी. शेजारच्या अक्कांनी कुलावी शिवून आणली होती, तीच डोक्यावर घातली. पेढेही वाटले आणि जिलबीही. मुलीला जिलबी आणि मुलाला पेढे हा हिशेब ताईच्या सासूबाईंनीच मोडला.

पुढची वर्षे

अशा बाळाचे काही हिशेब वेगळे असतात. लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. पण मान कधी धरली, बसले कधी, हे मोजताना ती ठरलेल्या तारखेला जन्मली असती असे धरायचे. सहा आठवडे आधी आलेल्या मुलाला सहा आठवड्यांची सूट. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा पहिल्या महिन्याच्या आत तपासून घ्यावा, कारण त्या आजारात वेळेवर उपचार झाले तर दृष्टी वाचते. ऐकण्याची तपासणीही करावी.

आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. या घरभेटींमागे महाराष्ट्रातल्या गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकवली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक उतरले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तिला दारातून परत पाठवू नये. बाळ पीत नाही, हातापायांना गार लागते, मिनिटाला ६० हून अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, झटके येतात किंवा निपचित पडते, तर सकाळची वाट पाहू नये. आईला पुन्हा जोराचा स्राव, ताप, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तेच.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. घरी आल्यावर ताई कारण नसता रडे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याहून अधिक स्त्रियांना असे होते आणि ते दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर तो आजार आहे, नखरा नव्हे. त्याला उपचार आहेत. २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठी-कन्नडसह अनेक भाषांत सल्ला मिळतो. ताईचे रडणे तिसऱ्या आठवड्यात थांबले. ती नंतर म्हणाली, “सगळे बाळाला बघायला येत होते. मला बघायला तुझे ते दोन मित्र आले तेवढेच.” ज्यांचे रक्त दिले गेले होते तेच ते दोघे, येताना त्यांच्या आईने केलेल्या अंटिन उंडीचा डबा घेऊन आले होते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण अजून आईबाप झालेले नाहीत. पण मामा, काका, आत्या, मावशी, शेजारी तर आपण आहोतच. अशा घरी जाण्याची वेळ आली तर लवकर जा, पण थोडा वेळच थांबा. हात धुवा. सर्दी असेल तर दारातूनच परता. बाळाचे वजन आणि रंग यांची चर्चा करू नका. बाळाकडे पाहण्याआधी आईकडे पाहा आणि तिला विचारा, “तू कशी आहेस?”